घरच्या हाय-फायसाठी मिड-बास हॉर्न: रचना तोंडापासून सुरू करा

साधारण १०० ते ५०० हर्ट्झच्या पट्ट्यात संगीताचं अंग असतं. पुरुषी आवाजाचा भरीवपणा, चेलोचा देह, ड्रमवर पडलेल्या थापेचा भार, पियानोवरच्या डाव्या हाताचं बरंचसं काम, सगळं इथेच घडतं. हॉर्न, म्हणजे ड्रायव्हरपुढे (स्पीकरमध्ये ध्वनी काढणाऱ्या भागापुढे) रुंदावत जाणारा भोंगा, वापरणाऱ्यांची गाडीही नेमकी इथेच अडते. वरच्या पट्ट्यात कॉम्प्रेशन ड्रायव्हर (अरुंद घशातून ध्वनी दाबून सोडणारा खास हॉर्नसाठीचा ड्रायव्हर) आणि हॉर्न १०५ डेसिबलच्या पुढची संवेदनशीलता सहज देतात. खाली मात्र साधा वूफर, ९० ते ९५ डेसिबलचा. पातळी जुळवता येते, पण दोघांची चाल जुळत नाही. व्हायोलिन समोर उभं राहतं आणि चेलो पेटीतून येतो. मिड-बास हॉर्न ही दरी भरतो. त्यासाठी जागा लागते, सुतारकाम लागतं आणि गणित आधी पक्कं लागतं.

हॉर्नच्या अरुंद टोकाला घसा म्हणू आणि रुंद टोकाला तोंड. बहुतेक जण हाती असलेल्या ड्रायव्हरपासून सुरुवात करतात. माझं ठाम मत वेगळं आहे: आधी तोंड ठरवा, ते खोलीत मावतं का पाहा, मग घशाकडे वळा.

कटऑफ आणि तोंड

एक्स्पोनेन्शियल हॉर्नची (ज्याचं क्षेत्रफळ ठरावीक अंतराने दुप्पट होत जातं, त्याची) एक कटऑफ वारंवारता असते. तिच्याखाली हॉर्न ड्रायव्हरवर उपयोगी भार टाकत नाही. कटऑफ ओलांडल्याबरोबर पूर्ण भार मिळतो, असंही नाही. आदर्श, अनंत लांबीच्या हॉर्नमध्ये कटऑफच्या सव्वापट वारंवारतेला घशातला रोध पूर्ण किमतीच्या ६० टक्के असतो आणि दुप्पट वारंवारतेला ८७ टक्के. म्हणून १०० हर्ट्झपासून काम हवं असेल तर कटऑफ ८० धरावा. १०० चा कटऑफ ठेवून १०० लाच क्रॉसओव्हर (दोन स्पीकरांमध्ये पट्टे वाटून देणारा सांधा) लावणं म्हणजे हॉर्न जिथे सगळ्यात दुबळा आहे तिथेच त्याच्याकडून काम मागणं.

तोंडाचा जुना नियम असा की त्याचा परीघ कटऑफच्या तरंगलांबीइतका असावा. ध्वनीचा वेग ३४४ मीटर प्रति सेकंद धरला तर हिशेब सोपा होतो: ९४१७ ला कटऑफच्या वर्गाने भागा, चौरस मीटरमध्ये क्षेत्रफळ मिळतं. ८० हर्ट्झसाठी १.४७ चौरस मीटर. हे हॉर्न हवेत अधांतरी टांगला असेल तेव्हाचं. तो जमिनीवर ठेवला की जमीन आरशासारखी दुसरी अर्धी बाजू पुरवते आणि ०.७३५ चौरस मीटर पुरतात. जमीन आणि भिंत मिळून पाव, तर कोपऱ्यात आठवा हिस्सा. पॉल क्लिप्श यांनी १९४० च्या दशकात कोपऱ्यातला हॉर्न घडवला तो याच जोरावर. खोलीच्या भिंतीच त्या हॉर्नचा शेवटचा भाग होतात.

इथे एक सापळा आहे. सरळ हॉर्न दीड मीटर लांब असेल, तर त्याचं तोंड मागच्या भिंतीपासून तेवढंच पुढे येतं. मग ती भिंत हिशेबात धरता येत नाही. बाजूची भिंतही तोंडाची कड तिला भिडलेली असेल तरच मोजायची. म्हणून सरळ हॉर्नसाठी मी फक्त जमीन धरतो, म्हणजे अर्धं तोंड. कागदावर पाव तोंड काढून हॉर्न खोलीच्या मध्यात ठेवला, तर तोंडाशी ध्वनी परत फिरतो, घशापर्यंत जातो आणि आलेखावर चढउतार उमटतात. पुढे कितीही इक्वलायझर लावला तरी ते नीट जात नाहीत.

आपल्या ८० हर्ट्झच्या उदाहरणात तोंड ९८ सेंमी रुंद आणि ७५ सेंमी उंच येतं, तेही दोन, डाव्या-उजव्या बाजूला एकेक. खोलीत ते मावत नसेल तर कटऑफ १०० करा, तोंड ०.४७ चौरस मीटरवर येईल आणि वापर १२५ हर्ट्झपासून सुरू होईल. हा प्रामाणिक मार्ग आहे. कटऑफ ८० ठेवून तोंड कापणं हा नाही.

ड्रायव्हर कसा निवडायचा

हॉर्नला बळकट चुंबक आणि हलका डायफ्रॅम (ड्रायव्हरचा हलणारा पडदा) हवा. माहितीपत्रकात एफएस (ड्रायव्हरची स्वतःची अनुनाद वारंवारता) आणि क्यूईएस (चुंबक आणि कॉइल त्या अनुनादाला किती आवर घालतात याचं माप; आकडा लहान तितका आवर जास्त) पाहा. एफएसला क्यूईएसने भागून दुप्पट केलं की एक वारंवारता मिळते. तिच्यावर डायफ्रॅमचं वस्तुमान आडवं येतं आणि एकूण ध्वनिशक्ती दर ऑक्टेव्हला ६ डेसिबलने उतरू लागते. ५०० हर्ट्झपर्यंत जायचं तर हा आकडा ४०० च्या आसपास किंवा वर असावा. थोडा कमी असला तरी बिघडत नाही, कारण तेवढ्यात हॉर्नचा झोत अरुंद होऊ लागतो आणि समोर बसणाऱ्याला ती उतरण अंशतः भरून मिळते. क्यूईएस ०.४ किंवा ०.५ असलेले घरगुती वूफर इथे चालत नाहीत. त्यांची जागा बास रिफ्लेक्स पेटीत.

पुढच्या सगळ्या हिशेबासाठी १२ इंची ड्रायव्हर घेऊ: एफएस ५० हर्ट्झ, क्यूईएस ०.२२, व्हीएएस (ड्रायव्हरच्या टांगणीइतकी लवचीक असलेली हवा) ७० लिटर, डायफ्रॅमचं क्षेत्रफळ ५३० चौ. सेंमी, कॉइलचा डीसी रोध ५.३ ओहम. व्यावसायिक ध्वनियंत्रणांसाठी बनलेल्या मिड-बास ड्रायव्हरमध्ये असे आकडे भेटतात. वस्तुमानाची मर्यादा आली ४५५ हर्ट्झ. कॉइलचं इंडक्टन्स या पट्ट्यात सहसा आड येत नाही.

घसा: सगळ्यात जास्त विचार इथे करा

जास्तीत जास्त कार्यक्षमता देणारा घसा काढायचं सूत्र डी. बी. कील यांनी १९७७ मध्ये थील-स्मॉल मापांच्या (एफएस, क्यूईएस, व्हीएएस ही त्यांतलीच) भाषेत मांडलेल्या पद्धतीत आहे. ६.२८ × एफएस × क्यूईएस × व्हीएएस, भागिले ध्वनीचा वेग. व्हीएएस घनमीटरमध्ये घ्यायचं. आपल्याकडे ६.२८ × ५० × ०.२२ × ०.०७० ÷ ३४४, म्हणजे ०.०१४१ चौरस मीटर, १४१ चौ. सेंमी. डायफ्रॅमशी गुणोत्तर ३.७६ ला १.

हाच घसा घ्यावा का? घसा लहान ठेवला की डायफ्रॅमवर भार वाढतो आणि वरची मर्यादा ताणली जाते, पण हॉर्न लांबतो आणि कागदी डायफ्रॅमवरचा दाबही वाढतो. घसा मोठा केला की उलट. २०० चौ. सेंमी घेतला तर वस्तुमानाची मर्यादा ४५५ वरून ३८५ च्या आसपास उतरते. घरात कमाल कार्यक्षमतेचा शेवटचा थेंब पिळून काढायची गरज नसते. मला ३ ला १ हे गुणोत्तर घरासाठी योग्य वाटतं: घसा १७७ चौ. सेंमी, मर्यादा सुमारे ४१० हर्ट्झ. २ ला १ च्या खाली गेलात तर हॉर्नचा भार इतका पातळ होतो की एवढं सुतारकाम कशासाठी केलं, असा प्रश्न पडावा.

घशाचा आकारही महत्त्वाचा. मी लांबट खाच पसंत करतो, २५ सेंमी उंच आणि ७.१ सेंमी रुंद. १२ इंची डायफ्रॅमचा हलणारा भाग साधारण २६ सेंमी व्यासाचा असतो, त्यामुळे खाच त्याच्यावर बरोबर बसते. डायफ्रॅमच्या कडेपासून खाचेपर्यंतचं अंतर साडेनऊ सेंमीच्या आत राहतं. ५०० हर्ट्झची पाव तरंगलांबी १७ सेंमी आहे, म्हणजे कडेचा आणि मधला ध्वनी एकमेकांना मारत नाहीत.

लांबी आणि मापं

एक्स्पोनेन्शियल हॉर्नचं क्षेत्रफळ ठरावीक अंतराने दुप्पट होत जातं. ते अंतर सेंटिमीटरमध्ये काढायला १८९७ ला कटऑफने भागा. ८० हर्ट्झसाठी २३.७ सेंमी. १७७ पासून ७३५० चौ. सेंमीपर्यंत पोचायला ५.३८ वेळा दुप्पट व्हावं लागतं, म्हणून लांबी १२७.५ सेंमी. कटऑफ १०० केला असता तर तीच लांबी ९० सेंमी झाली असती. वीस हर्ट्झची किंमत ही अशी मोजावी लागते.

ट्रॅक्ट्रिक्स वक्र त्याच कटऑफला आखूड पडतो आणि तोंडाशी सुंदर उलगडतो. पॉल फोइट यांनी १९२० च्या दशकात तो लाउडस्पीकरसाठी वापरला. हायपरबोलिक हॉर्न कटऑफजवळ जास्त भार देतो, पण लांब होतो. पहिल्या हॉर्नसाठी एक्स्पोनेन्शियल घ्या. मिड-बासमध्ये या वक्रांमधला ऐकू येणारा फरक तोंड आणि घसा चुकल्याच्या फरकापुढे किरकोळ आहे.

चारही बाजू वक्र करणं कष्टाचं आहे. वरची आणि खालची फळी सपाट ठेवून उंची सरळ रेषेत वाढू द्या, आणि रुंदी म्हणजे क्षेत्रफळ भागिले उंची. मग फक्त बाजूच्या दोन भिंती वाकवाव्या लागतात. घशापासूनचं अंतर, उंची आणि रुंदी, सगळं सेंटिमीटरमध्ये:

० : उंची २५.०, रुंदी ७.१
२० : उंची ३२.८, रुंदी ९.७
४० : उंची ४०.७, रुंदी १४.०
६० : उंची ४८.५, रुंदी २१.१
८० : उंची ५६.४, रुंदी ३२.५
१०० : उंची ६४.२, रुंदी ५१.२
१२० : उंची ७२.१, रुंदी ८१.९
१२७.५ : उंची ७५.०, रुंदी ९८.०

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. वरची-खालची फळी मध्यरेषेशी सुमारे ११ अंश तिरकी आहे. त्यामुळे तक्त्यातले २० सेंमी फळीवर आखताना २०.४ सेंमी होतात आणि फळीची पूर्ण लांबी १३० सेंमी भरते. हे विसरलात तर बाजूची भिंत बसवताना फट राहते.

दुमडलेल्या हॉर्नबद्दल हमखास विचारलं जातं. खोल बाससाठी दुमडणं ठीक आहे, कारण तिथे तरंगलांबी वळणाच्या मानाने फार मोठी असते. ५०० हर्ट्झची तरंगलांबी जेमतेम ६९ सेंमी. रुंद भागात वळण दिलं तर वळणाचा आतला आणि बाहेरचा मार्ग वेगळे पडतात आणि वरचा पट्टा विस्कटतो. दुमडावंच लागलं तर एकदाच, घशाजवळ, जिथे मार्ग अरुंद आहे. जागा असेल तर सरळच बांधा.

मागची आणि पुढची पोकळी

मागच्या बंद पोकळीचं काम डायफ्रॅमची मागची लहर अडवण्यापुरतं नाही. कटऑफजवळ घशाशी हवेचं जडत्व जाणवतं. बंद पोकळीतली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि ते जडत्व खोडून काढते. क्लिप्श यांनी १९४१ मध्ये दिलेला नियम आजही तसाच वापरता येतो: घशाचं क्षेत्रफळ × दुप्पट होण्याचं अंतर × २.९. आपल्याकडे १७७ × २३.७ × २.९, म्हणजे सुमारे १२.१ लिटर. पण ड्रायव्हरची स्वतःची लवचीकताही त्याच दिशेने काम करते, ती वजा करावी लागते. १ ÷ १२.१ मधून १ ÷ ७० वजा करा आणि उत्तर उलटं करा: १४.६ लिटर.

ही निव्वळ हवा झाली. त्यात ड्रायव्हरने व्यापलेले तीन-चार लिटर मिळवा आणि वर वीस टक्के मोकळीक ठेवा, कारण खरा हॉर्न अनंत नसतो आणि योग्य आकडा मोजमापातूनच कळतो. आतून ३६ × ३६ × १७ सेंमीची पेटी २२ लिटरची होते. नंतर आत लाकडी ठोकळे टाकून ती लहान करता येते. मोठी करणं मात्र अवघड. चुंबकाच्या मागे वायुछिद्र असेल तर तिथे दोन-तीन सेंमी मोकळे सोडा. पेटी पूर्ण हवाबंद हवी. मागची फळी स्क्रू आणि गॅस्केट लावून उघडती ठेवा.

पुढची पोकळी म्हणजे डायफ्रॅम आणि खाच यांमधली हवा. ती जितकी मोठी, तितका वरचा पट्टा कापला जातो. २ × क्यूईएस × एफएस × व्हीएएस, भागिले या पोकळीचे लिटर, इतक्या हर्ट्झला ती उतरू लागते. डायफ्रॅमचा खोलगट भाग आणि सेंटिमीटरभर जाडीचं कडं मिळून साधारण दोन लिटर होतात, म्हणजे ७७० हर्ट्झ. खाचेच्या दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी बसवून दीड लिटरवर आणलं तर हजारच्या पुढे. ५०० ला क्रॉसओव्हर असेल तर ही मेहनत फळते. मात्र डायफ्रॅम पुरता पुढे येईल तेव्हा पाचरीला टेकणार नाही, इतकं अंतर सोडायलाच हवं.

लाकडाला हात लावण्याआधी

डेव्हिड मॅकबीन यांची हॉर्नरिस्प ही मोफत संगणकप्रणाली वापरा. घसा, तोंड, लांबी आणि पोकळ्या भरा; जमिनीवरच्या हॉर्नसाठी कोन २ पाय (२π) ठेवा. दोन जागी लोक अडखळतात. मागची पोकळी लिटरमध्ये असते, पुढची घन सेंटिमीटरमध्ये. आणि डायफ्रॅमचं वस्तुमान हवेच्या भाराशिवाय द्यायचं असतं, तर माहितीपत्रकात बहुधा हवेसकट दिलेलं असतं. आलेखात १०० ते ३०० मधले चढउतार पाहा. मग तोंड एकदा थोडं लहान, एकदा मोठं करून पाहा. तोंडाचं महत्त्व कुठल्याही लेखापेक्षा ते दोन आलेख जास्त पटवतात.

बांधकाम

हॉर्नच्या भिंतीसुद्धा डायफ्रॅमसारख्या थरथरतात, आणि मोठ्या सपाट फळ्यांचा अनुनाद नेमका आपल्याच पट्ट्यात येतो. म्हणून वरची-खालची फळी १८ मिमी बर्च प्लायवूडची घ्या आणि बाहेरून उभ्या-आडव्या पट्ट्या लावा. पट्ट्या समान अंतरावर ठेवू नका. सगळे तुकडे सारखे झाले की सगळे एकाच सुरात वाजतात. घशाजवळ दाब सर्वाधिक असतो, तिथे जाडी दुप्पट केली तरी चालेल.

आधी दोन्ही सपाट फळ्यांवर वक्र आखून जिगसॉने कापा, आणि चारही कडा एकाच साच्यावरून राउटरने सारख्या करा. त्या आडव्या फासळ्यांवर योग्य उतारात उभ्या करा. बाजूच्या भिंतींसाठी वाकणाऱ्या प्लायवूडचे पातळ थर एकावर एक गोंदाने चिकटवा. पहिला थर घशाकडून तोंडाकडे क्लॅम्प लावत बसवायचा. उलट दिशेने गेलं की घशाशी ताण साठतो आणि तिथेच सांधा उकलतो. प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. तीन-चार थरांनंतर ही वाकवलेली भिंत सपाट फळीपेक्षा ताठ होते. आतल्या बाजूला घट्ट, गुळगुळीत रंग किंवा वॉर्निश पुरेसं आहे. हॉर्नच्या मार्गात लोकर, फोम काही भरू नका. मागच्या पेटीत भिंतींना पातळ अस्तर चालतं.

ड्रायव्हर खाच असलेल्या फळीवर मागून बसवा. इथला हवेचा गळका सांधा फार त्रास देतो, म्हणून गॅस्केटमध्ये कंजुषी नको.

मोजमाप आणि जुळवणी

पहिलं मोजमाप इम्पीडन्सचं (वारंवारतेनुसार बदलणाऱ्या विद्युत रोधाचं), आणि ते खोलीवर जवळजवळ अवलंबून नसतं. भार नीट पडत असेल तर मधल्या पट्ट्यात एक उंच सुळका न दिसता पसरट, किंचित लाटा असलेलं पठार दिसतं, कॉइलच्या डीसी रोधाच्या दुपटीहून थोडं वर. आपल्या उदाहरणात सुमारे १२ ओहम. पठार यापेक्षा खूप उंच आलं तर भार कमी पडतोय. आधी गळती शोधा. मग ठोकळे टाकत मागची पोकळी कमी करा आणि १०० हर्ट्झच्या आसपासचा आलेख जिथे सर्वांत सपाट होतो तिथे थांबा.

ध्वनीची पातळी रूम ईक्यू विझार्डसारख्या मोफत साधनाने घ्या. पहिल्यांदा मायक्रोफोन तोंडाच्या प्रतलात ठेवा, नंतर बसायच्या जागेवर. दोन्हींत दिसणारा खड्डा हॉर्नचा. फक्त बसायच्या जागी दिसणारा बहुधा खोलीचा. खोलीचा दोष हॉर्न कापून दुरुस्त करायला जाऊ नका. बसायची जागा तोंडापासून तीन मीटर तरी दूर असावी, नाहीतर वरचा हॉर्न आणि हा वेगवेगळे ऐकू येतात.

क्रॉसओव्हर खाली १०० आणि वर ४५० ते ५०० हर्ट्झ, दोन्हीकडे दर ऑक्टेव्हला २४ डेसिबल उताराचा, लिंकविट्झ-रायली प्रकारचा. वरच्या हॉर्नचा कटऑफ ३०० च्या आसपास हवा, म्हणजे मोठ्या घशाचा, दोन इंची कॉम्प्रेशन ड्रायव्हर. इथे एक इंची ड्रायव्हर ताणू नका.

वेळेची जुळवणी मात्र टाळता येणार नाही. १२७.५ सेंमी पार करायला ध्वनीला ३.७ मिलिसेकंद लागतात. वरचा हॉर्न ४० सेंमी लांबीचा असेल आणि दोघांची तोंडं एका रेषेत असतील, तर वरचा सुमारे २.५ मिलिसेकंद आधी पोचतो. ५०० हर्ट्झला हे सव्वा आवर्तन झालं. वरचा हॉर्न मागे सरकवून डायफ्रॅम एका रेषेत आणता येतात, पण मग त्याच्यासमोर खालच्या हॉर्नचा माथा पसरतो आणि त्यावरून परावर्तन येतं. मला डीएसपीने (डिजिटल ध्वनिप्रक्रिया करणाऱ्या साधनाने) वरच्या हॉर्नला उशीर देणं जास्त स्वच्छ वाटतं. तोंडाच्या रेषेत साधा वूफर असेल तर त्यालाही ३.७ मिलिसेकंदांचा उशीर लागेल. आकडा अंदाजाने टाका, मग वरच्या हॉर्नची पोलॅरिटी (धन-ऋण तारांची जोडणी) उलटी करून मोजा: क्रॉसओव्हरवर पडणारा खड्डा सर्वांत खोल होईपर्यंत उशीर दशांश मिलिसेकंदाने हलवा, आणि पोलॅरिटी पुन्हा सरळ करा. हीच कृती १०० हर्ट्झच्या सांध्यावर करा. तिथे खोली जास्त गोंधळ घालते, म्हणून मायक्रोफोन दोन-तीन जागी ठेवून पाहा आणि सगळीकडे टिकणारा आकडा घ्या.